वही, कोठार आणि संगणकाची जोडणी

(एक धान्य व्यापारी सभासद, येळ्ळूर)

व्यापाराचा आत्मा हिशेब होय. माल कितीही उत्तम असो, पेढी कितीही जुनी असो, ज्या दुकानाची कीर्द व खतावणी जुळत नाही त्या दुकानाची पत फार काळ टिकत नाही. आपल्या वाडवडिलांनी ही गोष्ट ओळखली होती, म्हणूनच दिवाळीस वहीपूजनाचा मान लक्ष्मीपूजनाच्या बरोबरीने ठेवला. आज वहीची जागा संगणकाने घेतली आहे. आपल्या सभासदांपैकी बहुतेकांच्या गादीशेजारी संगणक आहे, आणि पुष्कळांची मुले वा पुतणे तयार साधनांच्या आधारे आपल्या दुकानापुरता स्वतंत्र कार्यक्रमही रचू लागली आहेत. परंतु हा कार्यक्रम ज्या कोठारातून आकडे घेतो व ज्या फाईलींच्या वाटेने आकडे बाहेर पाठवितो, त्या दोन जोडण्या कशा बांधतात याचे ज्ञान मालकास क्वचितच असते. जोडणी बांधणारा मनुष्य येतो, दोन तासांत काम उरकतो व निघून जातो. पुढे आकडा चुकला तर तो का चुकला, हे सांगणारा घरात कोणी नसतो. प्रस्तुत लेखात या दोन जोडण्यांचा, व्यापाऱ्यास समजेल अशा भाषेत, विचार करावयाचा आहे.

१. कोठार व कार्यक्रम हे दोन वेगळे

प्रथम एक भेद मनात पक्का केला पाहिजे. दुकानात आपण पडद्यावर जे पाहतो तो कार्यक्रम. आकडे ज्यात साठतात ते कोठार, म्हणजेच डेटाबेस. वखारीतील पोती आणि त्या पोत्यांची चिठ्ठी लिहिणारा दिवाणजी हे जसे दोन भिन्न पदार्थ, तसेच हे. दिवाणजी बदलला तरी पोती तेथेच असतात. उलट दिवाणजी कितीही हुशार असला तरी त्यास वखारीचा पत्ता व किल्ली दिल्यावाचून तो आत जाऊ शकत नाही.

आकडे तक्त्यांच्या रूपाने साठवावे व ते कोठे, कसे ठेवले आहेत याची चिंता कार्यक्रमाने करू नये, हा विचार एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये आयबीएम कंपनीत असताना मांडला. त्यानंतर त्याच कंपनीतील चेंबरलिन व बॉइस यांनी या तक्त्यांस प्रश्न विचारण्याची भाषा तयार केली. तीच पुढे एसक्यूएल नावाने सर्वत्र रूढ झाली. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी ही जोडणीची समान पद्धती आणली. तिच्यामुळे कोठार कोणाचेही असो, कार्यक्रमास एकाच रीतीने त्याचे दार ठोठावता येऊ लागले. आपल्या परिचयाची टॅली ही बंगळूरची निर्मिती. तिच्यातही ही सोय असून दुसऱ्या कार्यक्रमास टॅलीतील खाती वाचता येतात. त्यासाठी ९००० हा दरवाजा सामान्यतः ठरलेला असतो.

२. कोठाराच्या जोडणीस लागणाऱ्या सहा गोष्टी

कोणत्याही साधनावर कार्यक्रम रचा, कोठाराशी जोडणी करताना पुढील सहा बाबी सांगाव्याच लागतात.

पहिली, दुभाषा. प्रत्येक कोठाराची बोली वेगळी असते, म्हणून त्या त्या कोठाराचा चालक, म्हणजे ड्रायव्हर, बसवावा लागतो. चालक व कोठार यांच्या आवृत्त्या एकमेकांशी जुळणाऱ्या असाव्यात.

दुसरी, पत्ता. कोठार त्याच यंत्रावर असल्यास १२७.०.०.१ हा पत्ता चालतो, कारण तो ‘मी स्वतः’ असा अर्थ सांगतो. दुकान एकीकडे व वखार दुसरीकडे असल्यास ज्या यंत्रावर कोठार आहे त्याचा पत्ता द्यावा लागतो.

तिसरी, दरवाजा, म्हणजे पोर्ट. एकाच यंत्रावर अनेक सेवा चालतात. म्हणून मायएसक्यूएल सामान्यतः ३३०६ वर, पोस्टग्रेस ५४३२ वर आणि मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर १४३३ वर ऐकत असतो. पत्ता बरोबर पण दरवाजा चुकीचा असेल तर गल्ली सापडूनही घर सापडत नाही.

चौथी, कोठाराचे नाव. येथेच मोठा घोळ संभवतो. चाचणीचे कोठार व खरे कोठार ही दोन असावीत, आणि त्यांची नावे एका दृष्टिक्षेपात भिन्न दिसावीत. नवा कार्यक्रम चाचणीच्या कोठारावर आठ-पंधरा दिवस चालवून मगच खऱ्या कोठाराकडे वळवावा.

पाचवी, वापरणाऱ्याचे नाव व परवलीचा शब्द. याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

सहावी, लिपीचे मान. आपल्या सीमाभागात ही बाब सर्वांत महत्त्वाची असून तिच्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होते.

या सहाही बाबी कार्यक्रमाच्या मजकुरात गुंफू नयेत. त्या वेगळ्या जोडणी-फाईलीत ठेवाव्यात. असे केल्याने चाचणीतून खऱ्या कोठाराकडे जाताना केवळ ती फाईल बदलते, कार्यक्रमास हात लागत नाही. शिवाय कार्यक्रमाची प्रत कोणास दिली तरी किल्ली त्याच्या हाती जात नाही.

३. लिपी आणि नाव: सीमाभागाची विशेष अडचण

आपल्या खात्यांत एकच गाव किती रूपांनी येते ते पाहा. येळ्ळूर, येळूर, येल्लूर अशी तीन रूपे मराठीतच होतात. कन्नडातील व इंग्रजीतील वेगळीच. जिल्ह्याचे नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारी दप्तरी बेळगावी झाले, पण जुन्या खात्यांत बेळगाव व बेळगाम ही दोन्ही आहेत. माणसास ही सर्व एक वाटतात. यंत्रास ती निरनिराळी गावे भासतात. नावावरून जोडणी केली तर एकाच शेतकऱ्याची तीन खाती निघतात व तिन्हींची बाकी चूक दिसते.

यावर उपाय एकच. नाव हे वाचण्यासाठी ठेवावे, जोडण्यासाठी क्रमांक वापरावा. प्रत्येक खातेदारास, गावास व मालास एक न बदलणारा क्रमांक द्यावा. करखात्याने हेच केले आहे. जीएसटी क्रमांकाची पंधरा स्थाने असून पहिली दोन राज्याची, पुढील दहा पॅनची असतात. कर्नाटकाचा अंक २९, महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. निपाणी व कागल यांत अंतर ते काय? परंतु निपाणीच्या व्यापाऱ्याने करपात्र माल बेळगावच्या दुकानदारास विकला तर केंद्र व राज्य असे कराचे दोन भाग पडतात, आणि तोच माल कागलच्या दुकानदारास विकला तर एकात्मिक कर लागतो. कार्यक्रमाने हा निर्णय गावाच्या नावावरून घेतला तर चूक ठरलेलीच. अंकावरून घेतला तर चुकीस वाव राहत नाही.

आता अक्षरांविषयी. युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरीस व कन्नडास स्वतंत्र स्थाने दिली आहेत, आणि आपल्या ‘ळ’ला त्याची स्वतःची जागा आहे. त्यापूर्वीच्या पुष्कळ टंकांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. तो टंक नसलेल्या यंत्रावर नाव उघडले की निरर्थक चिन्हे दिसत. जुनी खाती नव्या कोठारात आणताना ती प्रथम युनिकोडात रूपांतरित करून घ्यावीत. कोठार, जोडणी व फाईल या तिन्ही ठिकाणी यूटीएफ-८ हे एकच मान ठेवावे. एकाही ठिकाणी ते वेगळे राहिले तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते, आणि ती एकदा साठली म्हणजे मूळ अक्षरे परत मिळत नाहीत.

आपल्या समाजास हे सूत्र नवे नाही. मूडबिद्रीच्या भांडारातील षट्खंडागमाच्या धवला टीकेची ताडपत्रे जुन्या कन्नड लिपीत होती. त्यांचे नागरी लिप्यंतर झाल्यावर १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला खंड प्रसिद्ध झाला, व या कार्यास आपल्याच जिल्ह्यातील सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये यांचे साहाय्य लाभले. ग्रंथ तोच राहिला, लिपी बदलली. हे शक्य झाले, कारण कोणते अक्षर कोणत्या अक्षराच्या जागी येते हे लिहिणारास निश्चित ठाऊक होते. संगणकासही तेच निश्चित सांगावे लागते.

४. दोन्ही नोंदी, नाही तर एकही नाही

समजा, शेतकऱ्याकडून ४० क्विंटल भात २,४०० रुपये दराने घेतले. रक्कम ९६,००० रुपये. खतावणीत शेतकऱ्याच्या खाती ९६,००० जमा आणि खरेदी खाती ९६,००० नावे पडले पाहिजेत. शिवाय साठ्यात ४० क्विंटलांची भर पडली पाहिजे. आता पहिली नोंद झाली आणि तेवढ्यात वीज गेली. वहीत असे झाले असते तर दिवाणजीने दिवा लावून दुसरी ओळ लिहिली असती. यंत्र मात्र वीज आल्यावर नव्याने सुरू होते, त्यास अर्धवट राहिलेल्या कामाची आठवण नसते.

म्हणून चांगल्या कोठारात ‘व्यवहार’ ही सोय असते. या तिन्ही नोंदी एका व्यवहारात बांधल्या म्हणजे तिन्ही पूर्ण झाल्यावरच त्या पक्क्या होतात. मध्येच विघ्न आल्यास तिन्ही मागे फिरतात. लुका पाचिओली या इटालियन पंडिताने १४९४ मध्ये छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंदीची जी पद्धती दिली, तिचा हा पहारेकरीच म्हणावयास हरकत नाही. जोडणी बांधताना प्रत्येक नोंद आपोआप पक्की करण्याची सोय चालू आहे की बंद, हे विचारून घ्यावे. हिशेबाच्या कार्यक्रमात जोडीच्या नोंदी अशा सुट्या सुट्या पक्क्या होता कामा नयेत.

याच ठिकाणी रकमेच्या प्रकाराविषयीही सांगणे इष्ट आहे. रक्कम दशांश प्रकारात ठेवावी, तरंगत्या अंकांच्या प्रकारात नव्हे. यंत्र द्विमान पद्धतीने मोजते व त्या पद्धतीत दहा पैशांसारखा साधा अपूर्णांकही अचूक मांडता येत नाही. एका पावतीत हा फरक दिसत नाही. वर्षअखेर हजारो पावत्यांची बेरीज केली असता पैशांची तफावत निघते व ती शोधण्यात रात्री जातात.

५. फाईलची वाट

दुसरी जोडणी फाईलची. बँकेकडे एकदम अनेकांना पैसे पाठविण्याची यादी, करखात्याकडे जाणारे विवरण, बाजार समितीकडून येणारे आकडे, ही सर्व देवघेव फाईलींतून होते. येथे कोठारासारखा पहारेकरी नसतो. फाईल हा केवळ कागद. त्यावर जे लिहिले ते पलीकडचे यंत्र निमूटपणे वाचते. म्हणून पुढील पाच बाबींस जपावे.

स्वल्पविराम. साध्या फाईलीत दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम असतो. त्यात आपण रक्कम १,२५,००० अशी लिहिली तर यंत्रास तीन रकाने दिसतात आणि रक्कम केवळ एक रुपया ठरते. रक्कम स्वल्पविरामाविना लिहावी, अथवा रकाना अवतरणचिन्हांत ठेवावा.

आरंभीचे शून्य. डाळी-कडधान्यांचा मालसंकेत ०७१३ आहे. ही फाईल कोष्टकाच्या कार्यक्रमात सहज उघडून पुन्हा जतन केली तर तो संकेत ७१३ होतो. तांदळाचा १००६, ज्वारीचा १००७, मक्याचा १००५ हे सुटतात, कडधान्यांचा मात्र बिघडतो. आणि चूक एकाच मालात असल्यामुळे ती लवकर ध्यानी येत नाही.

लांब अंक. एक्सेलसारखे कोष्टक पंधरा अंकांपर्यंतच संख्या अचूक ठेवते, त्यापुढील अंकांच्या जागी शून्ये भरते. सोळा अंकी खातेक्रमांक असल्यास त्याचा शेवटचा अंक नाहीसा होतो व पैसे भलत्याच खात्याकडे निघतात. खातेक्रमांक, मालसंकेत, दूरध्वनी क्रमांक हे दिसावयास अंक असले तरी त्यांची बेरीज आपण कधी करीत नाही. ज्याची बेरीज होत नाही तो अंक नव्हे, मजकूर होय, हा नियम घरातील प्रत्येकाने पाठ करावा.

दिनांक. ०३-०४-२०२५ हा आपल्याकडे एप्रिलचा तिसरा दिवस. अमेरिकन पद्धतीच्या यंत्रास तो मार्चचा चौथा दिवस वाटतो. मार्च व एप्रिल यांच्यामध्ये आपले आर्थिक वर्ष बदलते, तेव्हा ही चूक एका महिन्याची राहत नाही, वर्षाची होते. जोडणीत दिनांकाचा क्रम स्पष्ट लिहावा.

माप. पोते, क्विंटल, किलो यांपैकी रकान्यात काय आहे हे रकान्याच्या नावातच लिहावे. पोत्याचे वजन मालागणिक बदलते. म्हणून कोठारात वजन किलोतच साठवावे आणि पोत्यांची संख्या वेगळ्या रकान्यात ठेवावी.

६. आवक, नोंदलेली, परत

फाईली ठेवण्याची शिस्तही वखारीसारखीच असावी. तीन कप्पे करावेत. आलेली फाईल ‘आवक’ कप्प्यात, नोंद झालेली ‘नोंदलेली’ कप्प्यात आणि दोष असलेली ‘परत’ कप्प्यात. नोंद झालेली फाईल पुसू नये. तिच्या नावात दिनांक व अनुक्रमांक असावा.

फाईल लिहीत असताना तिला तात्पुरते नाव द्यावे व पूर्ण झाल्यावर खरे नाव द्यावे. अन्यथा पलीकडचा कार्यक्रम अर्धीच फाईल उचलतो. गाडी पूर्ण भरल्यावाचून रवाना चिठ्ठी देत नाहीत, तसेच हे.

प्रत्येक फाईलीच्या शेवटी नोंदींची संख्या व रकमेची बेरीज लिहावी. समजा, ४८ नोंदी व ७,३६,४५० रुपये असे लिहिले आहे. घेणाऱ्या कार्यक्रमाने आपण मोजून पाहावे आणि दोन्ही जुळल्यासच नोंद करावी. आणि तीच फाईल चुकून दोनदा आली तर? त्यासाठी पावती क्रमांक व वर्ष यांची जोडी कोठारात अद्वितीय ठरवून ठेवावी. मग दुसऱ्या वेळी कोठारच ती नाकारते. मनुष्याच्या स्मरणावर हे काम सोपवू नये.

७. किल्ली कोणाकडे

सर्वांस एकच नाव व एकच परवलीचा शब्द, ही आपल्या दुकानांतील सर्वसाधारण रीत आहे, आणि ती सोडली पाहिजे. निदान तीन किल्ल्या असाव्यात. नोंदी करणाऱ्या कार्यक्रमास वाचण्याचा व भर घालण्याचा अधिकार असावा, पुसण्याचा नसावा. अहवाल काढणाऱ्यास केवळ वाचण्याचा अधिकार असावा. कोठाराची रचना बदलण्याचा अधिकार मालकाच्या किल्लीसच असावा, आणि ती किल्ली लखोट्यात बंद करून तिजोरीत ठेवावी. जोडणी करणारा मनुष्य काम संपवून गेला की परवलीचा शब्द त्याच दिवशी बदलावा. यात अविश्वास नाही, शिस्त आहे.

चूक झालेली नोंद पुसण्याऐवजी उलट नोंद करून दुरुस्त करावी, ही वहीची जुनी रीत. कायद्यानेही तोच मार्ग धरला आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेब-कार्यक्रमात प्रत्येक फेरफाराचा माग राहणे आवश्यक झाले आहे. आपल्यापैकी बहुतेक पेढ्या घरगुती वा भागीदारीच्या असल्याने त्यांस हा नियम लागू नाही, तरी रीत घेण्यासारखी आहे. जीएसटी कायद्यान्वये हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणून कोठाराची प्रत रोज घ्यावी, एक प्रत दुकानाबाहेर ठेवावी, आणि महिन्यातून एकदा ती प्रत उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हेच.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया म्हणजे खोटे लिखाण व रहोभ्याख्यान म्हणजे दुसऱ्याची गुप्त गोष्ट उघड करणे हे दोन्ही येतात. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत कमीअधिक मापांचा समावेश आहे. शेतकऱ्याचे नाव, त्याचे बँकखाते, त्याची उचल ही आपल्याकडे विश्वासाने ठेवलेली ठेव आहे. तिचे कोठार कोणासही उघडता येईल असे ठेवणे, अथवा जोडणीच्या दोषामुळे त्याच्या खाती चुकीची बाकी दाखविणे, हे ‘यंत्राने केले’ म्हणून आपल्या अंगावरून झटकता येत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला. आपल्या व्रतांत ती जबाबदारी पूर्वीपासूनच आहे.

८. मालकाने विचारावयाचे प्रश्न

तात्पर्य, मालकाने स्वतः कार्यक्रम लिहिला पाहिजे असे नाही. पण जोडणी करणारास पुढील प्रश्न विचारून त्यांची उत्तरे एका कागदावर लिहून घेतली पाहिजेत. कोठार कोणते व कोणत्या यंत्रावर आहे? चाचणीचे कोठार वेगळे आहे काय? लिपीचे मान तिन्ही ठिकाणी एक आहे काय? जोडीच्या नोंदी एका व्यवहारात बांधल्या आहेत काय? रक्कम दशांश प्रकारात आहे काय? फाईलीची संख्या व बेरीज तपासली जाते काय? तीच फाईल दोनदा आल्यास काय होते? प्रत कोठे ठेवली आहे व ती कोण उघडून पाहतो? आणि सर्वांत शेवटी, उद्या हा कार्यक्रम सोडावयाचा झाला तर माझे सर्व आकडे साध्या फाईलीत मला परत मिळतील काय?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे मिळेपर्यंत पैसे चुकते करू नयेत. जुनी वही फाटली, वाळवीने खाल्ली, तरी ती आपल्या घरात होती व आपल्याला वाचता येत होती. संगणकातील वहीही तशीच आपली राहिली पाहिजे. आपल्या घरांतील शिकलेल्या मुलामुलींनी या वर्षीच्या वहीपूजनापूर्वी वरील प्रश्नांचा कागद भरून वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावा. तो कागद वहीच्या पहिल्या पानाइतकाच जपून ठेवण्याजोगा ठरेल.